बाभळीचा सत्त्याऐंशीवा भाग

छोट्या आगगाडीच्या छंदाविषयी बाहेरच्या लोकांचा असा समज असतो की त्यातील अवघड भाग इंजिनाचा असेल. प्रत्यक्षात इंजिन कारखान्यात बनते, पैसे मोजले की खोक्यातून निघते आणि रुळावर ठेवून वीज दिली की चालते, आणि छांदिष्टाची खरी कसोटी लागते ती रुळाच्या कडेला उभ्या असलेल्या, कधीही न चालणाऱ्या आणि वेळापत्रकात कोठेही उल्लेख नसलेल्या झाडापाशी. गाडी चुकली तर फार तर दहा जाणकारांच्या लक्षात येते, परंतु झाड चुकले तर ते शेळी राखणाऱ्या पोरालाही कळते, कारण रेल्वे न पाहिलेला माणूस अजून सापडू शकेल, पण झाड न पाहिलेला सापडणे कठीण आहे.

या छंदाच्या परिभाषेत रूळ, स्थानके, टेकड्या आणि वस्ती यांसह टेबलावर मांडलेल्या संपूर्ण देखाव्याला ‘लेआउट’ म्हणतात, आणि त्यातील वस्तू मुळापेक्षा किती पट लहान आहेत हे सांगणाऱ्या गुणोत्तराला ‘प्रमाण’ म्हणतात. जगात सर्वाधिक चालणारे प्रमाण १:८७ हे असून त्याला ‘एचओ’ असे नाव आहे; जुन्या ‘शून्य’ क्रमांकाच्या प्रमाणाच्या अदमासे निम्मे, म्हणून ‘अर्धे शून्य’, अशी त्या नावाची व्युत्पत्ती आहे. शून्याचे निम्मे करून त्यातून सत्त्याऐंशी काढणारे गणित ज्यांनी एकदा मान्य केले, त्यांना पुढे चिंचेच्या पानांचा हिशेब मांडताना संकोच वाटत नाही, यात नवल नाही. महाराष्ट्रात हा छंद पाहण्याचे सर्वपरिचित ठिकाण म्हणजे पुण्याच्या कोथरूड भागातील जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय. भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले, आणि वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला तो त्याच वर्षी १ जुलै रोजी, म्हणजे पुण्याची ही छोटी रेल्वे वाशिम जिल्ह्याहून तीन महिन्यांनी थोरली आहे. परदेशात जर्मनीतील हांबुर्ग येथे २००१ साली सुरू झालेल्या ‘मिनियाटुर वुंडरलँड’ या प्रचंड लेआउटवर लाखाहून अधिक झाडे आहेत. मात्र त्यांत बाभूळ शोधण्याच्या इराद्याने जाणाऱ्याने परतीचे तिकीट आधीच काढून ठेवलेले बरे.

बाभळीचा प्रश्न येथे मध्येच उगवलेला नाही. प्रस्तुत विवेचनाचा प्रदेश हा वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी आणि तिच्या आसपासचा मुलूख आहे, आणि या मुलखात बाभूळ टाळून काही उभे करता येत नाही. पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांच्या समाधीचे आणि जगदंबा देवीचे स्थान, बंजारा समाजाची काशी. रामनवमीला येथे देशभरातून यात्रा लोटते. गावाला रेल्वे नाही, ही गोष्ट छोट्या रेल्वेच्या दृष्टीने वरकरणी गैरसोयीची वाटते, परंतु इतिहासाच्या दृष्टीने तिला एक औचित्य आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरणाऱ्या तांड्यांच्या वाहतुकीला ‘लदेणी’ म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकात ही लदेणी ज्यांनी मोडीत काढली त्यांत आगगाडीचा वाटा मोठा होता. तेव्हा ज्या समाजाचा धंदा रेल्वेने बुडवला त्याच्या काशीपासून रेल्वेने थोडे अंतर राखले, यास सभ्यपणा म्हणावे की संकोच, हे ज्याने त्याने ठरवावे. याच गावी ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले असून त्याची इमारत नंगाऱ्याच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या मोठ्या नगाऱ्याच्या आकाराची आहे. माणसाने वाजवायचे वाद्य इमारतीएवढे करणे ही छोट्या रेल्वेच्या नेमकी उलट कला होय, आणि तिच्यात वृक्षकाराला, म्हणजे लहान झाडे घडवणाऱ्याला, एक न बोलता दिलेला टोमणा ऐकू येतो.

रेल्वे हवीच असेल तर ती शेजारच्या कारंजा तालुक्यातून घ्यावी लागते. मूर्तिजापूरहून कारंजा आणि दारव्हामार्गे यवतमाळला जाणारी ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट, आणि मूर्तिजापूरहूनच अचलपूरकडे जाणारी तिची जोडीण, या दोन्ही मिळून वऱ्हाडात ‘शकुंतला’ या नावाने ओळखल्या जातात. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या छत्राखाली वऱ्हाडाचा कापूस बाहेर नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी ती बांधली गेली. १९२१ साली मँचेस्टरला घडवलेले झेडडी वर्गाचे वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत राबले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. पुढे गाडीच बंद पडली आणि रुळांच्या मधून जी झाडे उगवली ती मात्र पूर्ण प्रमाणात, १:१ मध्ये, आणि कोणाच्याही मेहनतीशिवाय. कालिदासाची शकुंतला आश्रमातल्या झाडांना पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसे आणि नवऱ्याच्या विस्मरणात जाणे तिच्या नशिबी आले. हे दोन्ही तपशील वऱ्हाडच्या शकुंतलेला इतके चपखल बसतात की नाव देणाऱ्याला भविष्य कळले असावे अशी शंका येते.

शकुंतलेच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि बाजारात नऊ मिलिमीटरचा तयार रूळ मिळत असल्याने येथवर छांदिष्टाचे काम सोपे असते. संपूर्ण यवतमाळ मार्ग मात्र त्याच प्रमाणात बसवायचा म्हटला तर सुमारे तेराशे मीटर लांबीचे टेबल लागते, आणि तेवढे टेबल घरात मावत नसल्याने बहुतेकांची शकुंतला कारंज्याच्या अलीकडेच कोठेतरी वळून पुन्हा मूर्तिजापूरला येते. रुळांची ही काटछाट कोणी मनावर घेत नाही. झाडाची काटछाट मात्र डोळ्यांत खुपते, कारण पंधरा मीटर उंचीचा कडुनिंब प्रामाणिकपणे लहान केला तरी तो सतरा सेंटिमीटर भरतो, तर त्याच्या पायथ्याशी उभा असलेला शकुंतलेचा डबा जेमतेम साडेतीन सेंटिमीटरचा असतो. बघणारा म्हणतो, झाड फार मोठे झाले. यावर जगभरच्या वृक्षकारांनी काढलेला तोडगा असा, की झाडे मुद्दाम ठेंगणी करायची, म्हणजे ती खरी वाटतात. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा प्रसिद्ध वड सुमारे साडेतीन एकरांवर पसरला आहे असे सांगतात. तो जसाच्या तसा १:८७ मध्ये उतरवला तर त्याला पाच फूट बाय चार फूट जागा लागेल, म्हणजे छांदिष्टाचे सबंध टेबल वडाखाली जाईल आणि गाडी पारंब्यांतून वाट काढत बसेल.

उंचीवर तडजोड करता येते, पानावर करता येत नाही. सागाचे पान ४० सेंटिमीटर लांब धरले तर प्रमाणात ते साडेचार मिलिमीटरचे होते आणि कागदातून कापता येते. चिंचेची पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातील एक बारकी पाकळी, दीड सेंटिमीटरची धरली तर ०.१७ मिलिमीटरची होते, आणि तिला पान म्हणण्यापेक्षा पीठ म्हणणे शास्त्राला अधिक धरून होईल. पळसाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच असतात हे मराठी मुलुखातल्या प्रत्येकाला पाठ असल्यामुळे, पळसावर चौथे पान दिसले तर लेआउटची संपूर्ण विश्वासार्हता तेथेच संपते. सुदैवाने पावणेदोन मिलिमीटरची ती पाने मोजण्याइतकी दृष्टी ज्यांची शाबूत आहे त्या वयाची मुले गाडीकडे बघत असतात. याच हिशेबामुळे जिवंत झाडांचा मार्गही बंद होतो. वामनवृक्षकलेतील, म्हणजे कुंडीत झाड खुजे ठेवण्याच्या कलेतील, एखादा पिंपळ आणून टेबलावर ठेवावा असे अनेकांना सुचते, परंतु त्याचे दोन सेंटिमीटरचे पान सत्त्याऐंशीने गुणले की पावणेदोन मीटरचे होते, आणि अशा पानाखाली उभा असलेला स्टेशनमास्तर त्यास हिरवी झेंडी म्हणून वापरू शकतो. पश्चिम महाराष्ट्रात दिवाळीच्या किल्ल्यावर आळीव पेरून उगवणारे जंगल, किंवा विदर्भात तान्ह्या पोळ्याला चाकांवर निघणारा लाकडी बैल, यांना प्रमाण हा शब्दच ठाऊक नसतो. किल्ल्यावरचा वाघ बुरुजापेक्षा उंच असतो आणि कोणाचेही त्यावाचून अडत नाही. छोट्या रेल्वेने मराठी माणसाच्या या निरागसतेचा घात केला, हे एकदा नोंदवून ठेवणे आवश्यक आहे.

परदेशी बाजारात तयार झाडे मिळतात, पाकिटावर भाव असतो आणि आत बहुधा सूचिपर्णी वृक्ष, म्हणजे डोंगराळ थंड प्रदेशातले सुईसारख्या पानांचे, टोकाला निमुळते होत जाणारे झाड निघते. बाटली धुण्याच्या ब्रशाला शेंड्याकडे कात्री लावली की असे झाड तयार होते, ही त्याची खरी गंमत आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात वावगे काही नाही. परंतु कारंज्याच्या फलाटामागे असे पंचवीस वृक्ष उभे केले की कापसाची गाडी थेट आल्प्समध्ये शिरते, आणि कापूस वेचणाऱ्या बाईला लुगड्यावर स्वेटर घालावा लागतो.

वऱ्हाडातले झाड पाकिटात का येत नाही, याचे कारण त्याच्या घडणीत आहे. पूर्ण वाढलेले, सर्व बाजूंनी गोल, हिरवेगार झाड हे वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात आढळते. पोहरादेवीच्या वाटेवर आढळते ते झाड निम्मे निसर्गाने आणि निम्मे गावाने केलेले असते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून सुमारे पावणेदोन मीटरपर्यंत पाला ओरबाडते, त्यामुळे माळावरच्या बाभळींची खालची कड ओळंबा लावल्यासारखी एका रेषेत असते. प्रमाणात ही रेषा जमिनीपासून बरोबर दोन सेंटिमीटरवर येते, आणि जो वृक्षकार ही रेषा पाळत नाही त्याच्या लेआउटवर शेळ्या ठेवणे अतार्किक ठरते. त्याच्याही वरच्या फांद्या आकडीने, म्हणजे बांबूच्या टोकाला बांधलेल्या कोयत्याने, उतरवलेल्या असतात. विजेच्या तारेखालचा कडुनिंब मधोमध खोबणीसारखा छाटलेला असतो; त्याच्या उरलेल्या फांद्यांची टोके दातवणासाठी मोडलेली असतात; खोडाला खाली गेरू आणि चुन्याचे पट्टे, वर शिकवणीवर्गाचा पत्र्याचा फलक आणि त्याच्याही वर यात्रेकरूची पिशवी असते. या सर्व उणिवा काढून टाकल्या तर झाड सुंदर दिसते, पण ते कोणत्याच तालुक्याचे राहत नाही.

ऋतूचा निर्णय यानंतर घ्यावा लागतो, आणि येथे पोहरादेवीची यात्रा वृक्षकाराच्या मदतीला धावते. लेआउटवर एकाच वेळी फुललेला पळस, सागाचा मोहोर आणि बोंडे फुटलेली कपाशी दाखवण्याचा मोह बहुतेकांना होतो. परंतु पळस माघ-फाल्गुनात फुलतो, सागाला तुरे पावसाळ्यात येतात आणि तोवर कपाशी जेमतेम गुडघ्याएवढी असते, म्हणून असे टेबल म्हणजे तीन पंचांगे एकदम उघडण्यासारखे होते. रामनवमी, चैत्र शुद्ध नवमी, हा दिवस एकदा पक्का केला की अर्धे काम तेथेच उरकते: साग निष्पर्ण असतो, म्हणून तो तारेची सरळ काडी आणि चार हात एवढ्यावर उभा राहतो आणि त्याची सारी पाने तपकिरी कागदाच्या चुऱ्याच्या रूपाने खाली टाकता येतात, पळसाची फुले बहुतेक गळून गेलेली असतात, शेतात पऱ्हाटी उपटून झालेली असते, आणि हिरवे दाखवायचे ते फक्त नवी पालवी आलेल्या कडुनिंबावर, आंब्यावर आणि वर्षभर कोणाची पर्वा न करणाऱ्या बाभळीवर. श्रद्धेपोटी रामनवमी निवडली असे सांगणाऱ्या वृक्षकाराच्या मनात सागाच्या पानांचा हिशेब नसतोच, असे शपथेवर सांगता येणार नाही.

बाभूळ करण्याची रीत अशी आहे. दहा मीटरच्या बाभळीला साडेअकरा सेंटिमीटर उंची लागते, म्हणून वीतभराहून थोड्या लांब अशा वीस-पंचवीस बारीक तारा एकत्र घ्याव्यात. शेतीपंपाच्या जळालेल्या मोटारीतून निघणारी वाइंडिंगची तांब्याची तार याला उत्तम, आणि कमी दाबाच्या विजेचा ग्रामीण कलाजीवनाला झालेला हा एकमेव फायदा असावा. खालचे टोक मुळांसाठी फाकवून ठेवावे, त्यावरचा तृतीयांश भाग घट्ट पिळून खोड करावे, मग जुडीचे दोन वाटे, प्रत्येक वाट्याचे आणखी दोन, असे करत एकेक तार सुटी होईपर्यंत जावे. या पिळलेल्या तारांच्या ढाच्याला सांगाडा म्हणतात. नवशिक्या माणूस येथे दोन्ही बाजूंना सारख्या फांद्या काढतो आणि त्याचे झाड समईसारखे दिसते. सांगाड्यावर फेव्हिकॉल आणि रांगोळीची पूड यांचा लगदा चढवून, तो अर्धवट ओला असतानाच सुईने उभ्या भेगा पाडाव्यात, कारण बाभळीची साल काळपट आणि खोल चिरलेली असते. तिला चॉकलेटी रंग देऊ नये. शाळेच्या चित्रकलेच्या वहीखेरीज चॉकलेटी खोडाचे झाड फार थोड्या ठिकाणी उगवते.

पाल्यासाठी भांडी घासण्याची हिरवी घासणी बोटांनी पिंजून इतकी विरळ करावी की तिच्यातून पलीकडचे दिसावे, कारण बाभळीच्या सावलीत बसलेल्या माणसाला निम्मे ऊन लागतेच. पिंजलेले धागे फांद्यांवर ताणून बसवावेत, त्यांवर केस बसवण्याचा फवारा मारावा आणि आरा मशिनवरून आणलेला, मळकट हिरव्या रंगात भिजवून वाळवलेला लाकडाचा भुसा चाळणीने वरून भुरभुरावा. घनदाट कडुनिंबासाठी स्पंजचे तुकडे रंगासह दळून घ्यावे लागतात. हे दळण ज्या मिक्सरमध्ये होते त्याच मिक्सरमध्ये दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी होत असल्यास, छंदाचे आयुष्य आणि झाडाचे आयुष्य यांचा संबंध तेथे प्रथम तपासला जातो. चाळणी मैद्याची होती हे कळल्यावर तो तुटतो. घोसाळे वेलीवर वाळू दिले असता आत जी जाळी राहते तिच्यापासून वडाचा पसारा चांगला साधतो आणि काथ्याच्या पारंब्या सोडता येतात, आणि या दोन्ही वस्तूंवर स्वयंपाकघराचा हक्क नसल्याने वड हे गृहशांतीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित झाड होय.

टिकाऊपणाचे प्रकरण वेगळे आहे. तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या किंवा आघाड्याच्या काड्या हुबेहूब फांद्यांसारख्या दिसतात, पण त्या ठिसूळ असतात. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी यांत काही दिवस भिजवल्यास त्या लवचिक राहतात. पिठाची खळ वापरू नये, कारण कसर, म्हणजे कपाटातील कागद खाणारा रुपेरी किडा, तिला मेजवानी समजते. बाभळीची पिवळी फुले दाखवण्यासाठी चिमूटभर हळद भुरभुरण्याची युक्ती प्रथमदर्शनी फार मोहक आहे. हळदीचा रंग उजेडात उडतो आणि चुन्याचा अंश लागला तर लालसर होतो, म्हणून काही महिन्यांत बाभळीचे रूपांतर कुंकवाच्या करंड्यात होते. तापवून लावायचा डिंक पत्र्याच्या खोलीत वैशाखात मऊ पडतो आणि झाडे हळूहळू वाकून गाडीला नमस्कार करू लागतात. झाड फळीला चिकटवू नये. खोडाखाली एक जाड तार ठेवून ती छिद्रात बसवावी, म्हणजे धूळ झटकायच्या दिवशी सबंध जंगल उपटून अंगणात नेता येते. धुळीला मात्र प्रमाण लागू पडत नाही: ०.०५ मिलिमीटरचा कण १:८७ मध्ये चार मिलिमीटरहून मोठा होतो, म्हणजे वऱ्हाडातील एका उन्हाळ्यानंतर प्रत्येक फांदीवर बारीक गिट्टीचा थर बसतो, आणि मऊ ब्रशाने गिट्टी झाडणारा छांदिष्ट हा जगातील सर्वांत हलका रस्तेकामगार ठरतो.

इतके करून झाल्यावर झाड पारखायला कोणाला बोलवावे, याविषयी मतभेद आहेत. छंदातील जाणकार लोक रूळ पाहतात, सिग्नल पाहतात, डब्याचा क्रमांक वाचतात आणि झाडाला ‘छान’ म्हणून पुढे सरकतात. त्यांचे मत निरुपयोगी आहे. शेळ्या राखणारा म्हातारा वाकून, डोळे बारीक करून, बराच वेळ बघतो आणि “हे बाभूय हाये का बाप्पा?” असे विचारतो. प्रश्नाचा सूर वर गेला तर झाड पुन्हा करावे लागते. “हे तोडलं कोनं?” असे त्याने विचारले, तर ते पास झाले असे धरावे आणि अधिक बोलू नये.

काट्यांबद्दल शेवटी सांगायचे ते इतकेच. बाभळीचा पाच सेंटिमीटरचा काटा या प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा होतो, हातभर अंतरावरून तो दिसत नाही, आणि तो मुद्दाम करण्याची गरजही पडत नाही. तांब्याच्या तारेची कापलेली टोके बोटात शिरतात, आणि ती पूर्ण प्रमाणात टोचतात.